ब्रिटिश रणगाडे, सेंच्युरियन ते चॅलेंजर ३: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मेन बॅटल टँक’ म्हणजे नेमकं काय? आधीचे रणगाडे वेगळे होते का?

हो, आणि ब्रिटनमध्ये तर फारच वेगळे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी रणगाड्यांच्या दोन जाती पाळल्या होत्या. पायदळासोबत चालणारा ‘इन्फन्ट्री टँक’ जाड चिलखताचा पण संथ असायचा, उदाहरणार्थ माटिल्डा किंवा चर्चिल. शत्रूच्या फळीतून घुसून पुढे धावणारा ‘क्रूझर टँक’ वेगवान पण पातळ अंगाचा, जसा क्रुसेडर किंवा क्रॉमवेल. कागदावर ही वाटणी ठीक दिसायची. रणांगणात मात्र संथ गाडीला वेळेवर पोहोचता यायचं नाही आणि वेगवान गाडीला मार सोसायचा नाही. जर्मन ८८ मिलिमीटर तोफेपुढे दोन्हींचे हाल झाले.

त्यामुळे एकच गाडी सगळी कामं करेल, तिला भक्कम चिलखत, मोठी तोफ आणि पुरेसा वेग असेल, हा विचार पुढे आला. त्यालाच नंतर मेन बॅटल टँक म्हणू लागले. ब्रिटनमध्ये त्याची सुरुवात सेंच्युरियनपासून झाली. मराठीत ‘मुख्य रणगाडा’ म्हणता येईल, पण बोलताना सगळे ‘एमबीटी’च म्हणतात.

सेंच्युरियन महायुद्धात लढला का?

नाही. सहा नमुना-गाड्या मे १९४५ मध्ये बेल्जियममध्ये उतरल्या, तोवर युरोपातलं युद्ध संपलं होतं. हे उशिरा आलेलं यंत्र पुढे इतकी वर्षं जगभर लढलं की त्याच्या काळातल्या फार थोड्या रणगाड्यांना ते जमलं.

त्याच्या जन्मातली एक गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटते. १९४३ मध्ये आराखडा सुरू झाला तेव्हा वजनाची मर्यादा ४० टनांची होती, कारण रणगाडे वाहून नेणारे ट्रेलर तेवढंच वजन पेलायचे. ८८ मिलिमीटरचा मार सोसेल असं चिलखत त्या वजनात बसेना. अशा वेळी सरकारी खातं सहसा चिलखत कमी करतं. इथे मात्र ट्रेलरच नवे बनवायचे ठरलं. आधीच्या ब्रिटिश रणगाड्यांना रेल्वेच्या बोगद्यांची रुंदीसुद्धा आडवी येत असे. सेंच्युरियनच्या वेळी पहिल्यांदा गाडी आधी आणि वाहतूक नंतर असा विचार झाला. पुढची सोळा-सतरा वर्षं या गाडीत सुधारणा करत राहता आल्या, त्याचं मूळ या मोकळ्या जागेत आहे.

एकाच रणगाड्यावर तीन वेगवेगळ्या तोफा? ते कसं जमलं?

सुरुवातीला १७-पाउंडर, म्हणजे ७६.२ मिलिमीटरची तोफ होती. १९४८ च्या सुमारास मार्क ३ वर, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीवर, २०-पाउंडर आली, तिचा व्यास सुमारे ८४ मिलिमीटर. याच मार्क ३ गाड्या घेऊन ब्रिटिश रेजिमेंट कोरियात गेली आणि एप्रिल १९५१ मध्ये इम्जिन नदीच्या लढाईत लढली. या तोफेला स्टॅबिलायझर होता, म्हणजे गाडी खड्ड्यातून जात असली तरी नळी निशाण्यावर टिकून राहायची. आज यात नवल वाटत नाही, त्या काळी ही मोठी गोष्ट होती.

तिसऱ्या तोफेची कथा बुडापेस्टची आहे. १९५६ च्या हंगेरीतल्या उठावात एक सोव्हिएत टी-५४ रणगाडा ब्रिटिश दूतावासाच्या आवारात आणला गेला. ब्रिटिशांनी त्याचं चिलखत आणि तोफ पाहून घेतली आणि २०-पाउंडर आता पुरणार नाही हे त्यांना स्पष्ट झालं. त्यानंतर १०५ मिलिमीटरची एल-७ तोफ सेवेत आली. ती २०-पाउंडरच्याच बैठकीत बसेल अशी बेतलेली होती. टरेट, म्हणजे तोफ असलेला वरचा फिरता भाग, बदलायचा नाही, नवी गाडी बांधायची नाही, जुनी नळी काढून नवी बसवायची. ही माझ्या मते रणगाड्यांच्या इतिहासातली सर्वांत शहाणी सुधारणा.

एल-७ नंतर जर्मनीच्या लेपर्ड १ वर आली, अमेरिकेच्या एम-६० वर आणि सुरुवातीच्या एम-१ अब्राम्सवर तिची अमेरिकी आवृत्ती बसली, इस्रायलच्या पहिल्या मर्कावांवरही तीच परंपरा चालली. एकूण चार हजार चारशेच्या वर सेंच्युरियन बनले. ब्रिटनने ते निवृत्त केल्यावरही इस्रायल, जॉर्डन आणि दक्षिण आफ्रिकेने त्यांना डिझेल इंजिनं देऊन, नवी नावं देऊन पुढे चालवलं.

सेंच्युरियनमध्ये दोष नव्हतेच का?

होते. त्याचं मिटिऑर इंजिन हे विमानांच्या प्रसिद्ध मर्लिन इंजिनाचं भाऊबंद, ६५० अश्वशक्तीचं आणि पेट्रोलवर चालणारं. बावन्न टनांच्या आसपासच्या गाडीला पेट्रोल पाजायचं म्हणजे टाकी रिकामी व्हायला वेळ लागत नाही. रस्त्यावर जेमतेम शंभर किलोमीटरचा पल्ला मिळायचा, म्हणून मागे एका चाकाचा इंधनाचा ट्रेलर जोडून पाहिला गेला. वेगही ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. ब्रिटिश रणगाडा म्हटलं की तोफ आणि चिलखत आधी आणि इंजिन शेवटी, ही सवय इथूनच दिसते. ती पुढे किती महागात पडली ते सेंच्युरियननंतरच्या चीफटन या रणगाड्याच्या प्रश्नात येईल.

मजबुतीबद्दल मात्र शंका नको. ऑक्टोबर १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इमू फील्डवर अणुचाचणी झाली तेव्हा एक सेंच्युरियन स्फोटापासून पाचशे यार्डांच्या आत, इंजिन चालू ठेवून उभा केला होता. नंतर लोक परतले तेव्हा इंजिन बंद पडलेलं होतं, पण ते इंधन संपल्यामुळे. गाडी पुन्हा चालवून बाहेर काढली गेली आणि तीच पुढे व्हिएतनाममध्ये लढली. आत माणसं असती तर ती वाचली नसती, हेही इथेच लिहायला हवं.

ब्रिटिश रणगाड्यात चहा करायची सोय असते, हे खरं आहे का?

खरं आहे. सेंच्युरियनपासून पुढे ती गाडीचाच भाग झाली. ‘बॉइलिंग व्हेसल’ असं नाव, सैनिक नुसतं ‘बीव्ही’ म्हणतात. गाडीच्या विजेवर चालणारं चौकोनी भांडं, त्यात पाणी उकळतं, डबाबंद जेवण गरम होतं. हा गमतीचा विषय समजला जातो, पण कारण गंभीर आहे. पूर्वी पाणी तापवायला गाडीतून उतरून उघड्यावर आग पेटवावी लागायची. चिलखताबाहेर पडलेला माणूस तोफगोळ्याच्या तुकड्यांना उघडा असतो. जंतुयुद्धाच्या किंवा रासायनिक हल्ल्याच्या भीतीत दोन-दोन दिवस झाकणं बंद ठेवून आत राहायचं असेल, तर गरम पाणी आतच मिळायला हवं.

चीफटनच्या इंजिनाची इतकी बदनामी का?

कारण बाकी सगळी गाडी तिच्या काळाच्या पुढे होती. साठच्या दशकात सेवेत आलेल्या चीफटनवर १२० मिलिमीटरची आटेदार, म्हणजे नळीत आतून आटे असलेली, तोफ होती. त्या वेळी पाश्चिमात्य सैन्यांत इतकी जबर तोफ सेवेतल्या दुसऱ्या कोणत्याही मुख्य रणगाड्यावर नव्हती. पुढचं चिलखत तिरपं आणि जाड. चालकाची बैठक तर बघण्यासारखी: झाकण बंद केलं की चालक आरामखुर्चीत पडल्यासारखा मागे रेलतो आणि पडूनच गाडी चालवतो. त्यामुळे गाडीची उंची कमी झाली आणि शत्रूला निशाणा लहान मिळाला.

मग इंजिन. नाटोने तेव्हा असा आग्रह धरला होता की लढाऊ गाड्यांची इंजिनं डिझेल, पेट्रोल, जे हाताला येईल त्यावर चालली पाहिजेत. त्या हट्टापायी लेलँड एल-६० बनलं. सहा उभी सिलिंडरं, प्रत्येकात समोरासमोर धावणारे दोन पिस्टन, म्हणजे एकूण बारा पिस्टन आणि वर-खाली दोन क्रँकशाफ्ट, तेही टू-स्ट्रोक. कल्पना सुंदर. प्रत्यक्षात सिलिंडरचे लायनर तडकायचे, तेल गळायचं, आणि ठरलेली शक्ती सुरुवातीच्या गाड्यांत मिळालीच नाही. पंचावन्न टनांच्या गाडीला सहाशेच्याही आत अश्वशक्ती! सुधारणा करत करत ती सातशेच्या पुढे नेली, पण त्यात वर्षं गेली. बाकीच्या देशांनी बहुइंधनाचा आग्रह फारसा मनावर घेतलाच नाही. ब्रिटनने घेतला आणि त्याची किंमत मेकॅनिकांनी भरली. जर्मनीतल्या थंडीत, चिखलात, इंजिनाचा अख्खा पॅक बाहेर ओढून काढणाऱ्या त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

चीफटनमध्ये दारूगोळा पाण्यात ठेवायचे म्हणजे काय?

गोळा आणि त्याला ढकलणारी दारू वेगवेगळी असायची. दारू पिशवीत भरलेली, पितळी काडतूस नाही. या पिशव्या टरेटच्या खालच्या पातळीवर, भोवती पाण्याचं आवरण असलेल्या कप्प्यांत ठेवत. कप्प्याला मार बसला तर पाणी दारूवर सांडतं आणि आग धरत नाही. पुढे ब्रिटिश रणगाड्यांची गोळा आणि दारू सुटी ठेवायची परंपरा चॅलेंजर २ पर्यंत टिकली आणि चॅलेंजर ३ च्या वेळी तीच अडचण झाली.

चॅलेंजरचा इराणशी काय संबंध?

थेट संबंध आहे. १९७१ मध्ये शहांच्या इराणने सातशेहून अधिक चीफटन मागवले आणि नंतर त्याहून सुधारित ‘शिर’ रणगाड्यांची मोठी मागणी नोंदवली. शिर २ मध्ये नवं चिलखत होतं आणि १२०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. चीफटनला मिळायला हवं होतं तसं इंजिन, पण ते आधी परक्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला आलं. १९७९ मध्ये क्रांती झाली, मागणी रद्द झाली आणि कारखान्यावर हात चोळायची वेळ आली.

त्याच सुमारास ब्रिटनचा स्वतःचा एमबीटी-८० हा प्रकल्प खर्चाच्या ओझ्याने १९८० मध्ये गुंडाळला गेला. मग शिर २ लाच थोडे बदल करून ब्रिटिश सैन्याने १९८३ पासून सेवेत घेतलं, तो चॅलेंजर. शिर १ पासून निघालेला रणगाडा जॉर्डनने ‘खालिद’ नावाने घेतला. म्हणजे ब्रिटनचा पुढच्या दोन दशकांचा मुख्य रणगाडा हा मुळात दुसऱ्याच्या वाळवंटासाठी बेतलेला होता.

चोभम चिलखत म्हणजे काय? त्यात असतं तरी काय?

सरे परगण्यातल्या चोभम गावाजवळच्या लष्करी संशोधन केंद्रात ते विकसित झालं, म्हणून हे नाव. १९७६ मध्ये ते जगापुढे जाहीर झालं. नेमकी घडण आजही गुप्त आहे. तत्त्व असं की नुसतं जाड पोलाद न वापरता सिरॅमिक आणि इतर पदार्थांचे थर एकावर एक रचायचे. रॉकेटच्या टोकातून निघणारा धातूचा वितळल्यासारखा झोत एकसंध पोलाद लोण्यासारखं कापतो, पण कठीण सिरॅमिकच्या थरांत तो विस्कटतो. चॅलेंजर २ वरची पुढची पिढी ‘डॉर्चेस्टर’ या नावाने ओळखली जाते.

चॅलेंजर १ आणि चॅलेंजर २ यांत फरक काय? नुसता क्रमांक वाढवला का?

दिसायला भाऊ, आतून वेगळे. दोघांचे पाच टक्केही सुटे भाग एकमेकांना चालत नाहीत, असं म्हटलं जातं. चॅलेंजर १ च्या नेम धरण्याच्या यंत्रणेवर टीका होत होती. १९८७ च्या नाटो नेमबाजी स्पर्धेत त्याची कामगिरी वाईट झाली. पण १९९१ च्या आखाती युद्धात याच गाडीने साडेचार किलोमीटरहून अधिक अंतरावरून इराकी रणगाडा उडवला आणि शत्रूच्या माऱ्यात एकही चॅलेंजर गमावला नाही. स्पर्धेचं मैदान आणि वाळवंटातली खरी लढाई यांत अंतर असतंच.

चॅलेंजर २ ला नवा टरेट, नवी एल-३० तोफ आणि पूर्ण नवी नेमयंत्रणा मिळाली. व्हिकर्सने लीड्स आणि न्यूकॅसलला बनवलेल्या या गाड्या १९९८ पासून ब्रिटिश सैन्यात आल्या. ब्रिटनने ३८६ घेतल्या, ओमानने ३८. बस्स, एवढंच एक परदेशी गिऱ्हाईक. लेपर्ड २ जगभर विकला गेला आणि हा नाही, याचं एक मोठं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

आटेदार नळी की गुळगुळीत? ब्रिटिश इतके का अडून बसले?

बंदुकीच्या नळीत आतून स्क्रूसारखे आटे असतात, त्यामुळे गोळी गरगर फिरत सरळ जाते. जगातल्या बहुतेक रणगाड्यांनी हे आटे सोडून गुळगुळीत नळी घेतली, कारण आजचा मुख्य चिलखतभेदी गोळा हा लांब, बारीक भाल्यासारखा असतो. त्याला मागे पंख असतात. त्याला फिरायची गरज नसते, उलट फिरणं त्याला नडतं.

ब्रिटिश अडून बसले ते ‘हेश’ या गोळ्यासाठी. हा गोळा चिलखत भेदत नाही. आदळल्यावर त्यातलं मऊ स्फोटक शेणाच्या गोवरीसारखं भिंतीवर थापलं जातं आणि मग फुटतं. धक्क्याची लाट पोलादातून पार जाते आणि आतल्या बाजूचे धातूचे तुकडे सुटून आत उडतात. बंकर, इमारती, हलक्या चिलखती गाड्या यांच्यावर तो फार उपयोगी. पण नीट उडायला त्याला फिरावं लागतं, म्हणजे आटे हवेत.

तोटा असा झाला की बाकी नाटो देश एकमेकांचा दारूगोळा वापरू शकत होते आणि ब्रिटनला आपला गोळा आपणच बनवावा लागत होता. काही शे रणगाड्यांसाठी स्वतंत्र गोळ्याचं संशोधन परवडत नाही. विकत घेणाऱ्या देशालाही तीच काळजी. हेश चांगलाच होता, पण हा हट्ट वीस वर्षं आधी सोडायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग चॅलेंजर ३ मध्ये नक्की काय बदलतंय?

मे २०२१ मध्ये ८० कोटी पाउंडांचा करार झाला. जर्मन राइनमेटाल आणि ब्रिटिश बीएई सिस्टिम्स यांची संयुक्त कंपनी टेलफर्डच्या कारखान्यात १४८ चॅलेंजर २ बदलून देणार आहे. मुख्य बदल तोफेचा: जर्मन १२० मिलिमीटरची गुळगुळीत नळी, लेपर्ड २ च्या नव्या आवृत्त्यांवर असते तीच.

पण सेंच्युरियनसारखं नळी काढली, नळी बसवली असं इथे जमलं नाही. नव्या तोफेचा गोळा अखंड आणि लांब असतो. चॅलेंजर २ मध्ये गोळा आणि दारू सुटे ठेवायचे कप्पे होते, त्यांत तो बसत नाही. त्यामुळे टरेट पूर्ण नवा करावा लागला. सोबत नवं चिलखत, नवी नेमयंत्रणा, दिवस-रात्र पाहणारे कॅमेरे, सुधारित हायड्रोगॅस सस्पेन्शन. येणारं रॉकेट हवेतच फोडणारी इस्रायली ‘ट्रॉफी’ यंत्रणाही निवडली आहे. पहिला नमुना २०२४ च्या सुरुवातीला बाहेर पडला आणि त्याच वर्षी जर्मनीत त्याच्या तोफेची चाचणी झाली.

इंजिनाचा पाया मात्र जुनाच, १२०० अश्वशक्तीचा. लेपर्ड २ चं इंजिन १५०० चं आहे. हिशेब सोपा आहे: साडेबासष्ट टनांच्या चॅलेंजर २ ला टनामागे १९ अश्वशक्ती मिळते. पूर्ण जोडचिलखत चढवून वजन ७५ टनांवर गेलं की ती १६ वर येते. चिखलात पहिला फटका यालाच बसतो.

१४८ रणगाडे पुरतील का?

माझं उत्तर: नाही. एका वेळी काही गाड्या प्रशिक्षणात, काही दुरुस्तीत असतात. लढायला उरतात त्या मोजक्याच. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंचे रणगाडे ज्या वेगाने खर्ची पडले ते पाहता ही संख्या शांततेच्या काळातली वाटते.

चॅलेंजर २ कधी नष्ट झालाय का?

हो. २५ मार्च २००३ रोजी बसराजवळ एका चॅलेंजर २ ने चुकून दुसऱ्या चॅलेंजर २ वरच गोळा डागला आणि त्यात दोन सैनिक गेले. ब्रिटनने २०२३ मध्ये युक्रेनला १४ गाड्या दिल्या. त्यांतली पहिली सप्टेंबर २०२३ मध्ये रोबोतिनेजवळ नष्ट झाली. त्या गाडीतली माणसं वाचल्याचं सांगितलं गेलं, आणि ब्रिटिश रणगाडे बांधणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वजन वाढवत नेलं ते याचसाठी.

भारताने हे रणगाडे वापरले का?

वापरले आणि गाजवले. १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांना उसाच्या शेतांत आणि सोडलेल्या पाण्यात अडवलं गेलं, त्यात ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन होते. पॅटन कागदावर जास्त आधुनिक होता, त्याची नेमयंत्रणा गुंतागुंतीची होती. सेंच्युरियनची साधी होती आणि आपल्या जवानांच्या हातात ती पक्की बसलेली होती.

त्याच युद्धात फिलोराच्या परिसरात पूना हॉर्सचे सेंच्युरियन लढले. १८१७ च्या काळात पुण्यात उभ्या राहिलेल्या घोडदळाची ही रेजिमेंट. तिचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले. जखमी असूनही ते मागे गेले नाहीत. १६ सप्टेंबर १९६५ रोजी त्यांना वीरमरण आलं. मरणोत्तर परमवीरचक्र.

सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, त्याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल बसंतरच्या लढाईत होते. त्यांचा जन्म पुण्याचा, वय एकवीस. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव ‘फमागुस्ता’. गाडीला आग लागली, सोडून द्यायचा हुकूम आला. आपली तोफ अजून चालते आहे, गाडी सोडणार नाही, असं त्यांनी वायरलेसवर कळवलं आणि ते लढत राहिले. त्यांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

‘विजयंता’ ब्रिटिश की भारतीय?

आराखडा ब्रिटिश व्हिकर्सचा, बांधणी चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्याची. १९६१ मध्ये करार झाला आणि एल-७ तोफ असलेला, चाळीस टनांच्या आतला हा रणगाडा साठच्या दशकाच्या मध्यापासून मिळू लागला. इंजिन तेच लेलँड एल-६०, त्यामुळे चीफटनच्या मेकॅनिकांचं दुखणं आपल्या मेकॅनिकांनीही भोगलं. तरी रणगाडा देशात बनवायचा कारखाना आणि कसब विजयंतामुळेच उभं राहिलं.

हे रणगाडे प्रत्यक्ष कुठे बघता येतील?

इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातलं बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम. आपल्याकडे अहमदनगरचं, आताच्या अहिल्यानगरचं, कॅव्हलरी टँक म्युझियम. ते १९९४ मध्ये सुरू झालं. सेंच्युरियनसमोर गेलात तर आधी बाजूच्या लोखंडी पत्र्यांकडे बघा, पट्टे आणि चाकं झाकणाऱ्या. रॉकेटचा मार चाकांपर्यंत पोहोचण्याआधी बाहेरच फुटावा म्हणून ते असतात. पत्र्यांच्या खालून चाकं मोजा, एका बाजूला सहा. मग नळीच्या मधोमध जाड फुगवटा आहे का ते बघा. डागल्यानंतरचा धूर आत माणसांवर न येता तोंडाकडे ओढला जावा यासाठी तो असतो, आणि जुन्या २०-पाउंडर नळ्यांवर तो नसायचा. खेत्रपालांचा फमागुस्ता डागडुजी करून याच शहरातल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपलेला आहे.